झाडीपट्टीचे चित्रण सांभाळणाऱ्या हार्ड डिस्क : वापरानंतरचे परीक्षण

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वैनगंगेपलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये गजबजतात आणि गावोगावी रात्री दहाच्या पुढे उघडलेला पडदा पहाटेच पडतो. या नाटकांचे, दंडार व खडी गंमत या लोकनाट्यांचे आणि पुढे लगेच येणाऱ्या लग्नांचे चित्रीकरण करणारे आमच्यासारखे लहान स्टुडिओ ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, पवनी, लाखांदूर अशा प्रत्येक तालुक्यात आहेत. कॅमेरा कोणता घ्यावा यावर आम्ही तासन्‌तास बोलतो; केलेले चित्रण ठेवायचे कशात, याचा विचार मात्र बहुधा हातातली डिस्क भरल्यावरच होतो. झाडीपट्टी रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर जुन्या प्रयोगांचे चित्रण आहे काय, अशी विचारणा माझ्याकडे वाढली. असे चित्रण ज्यांच्याकडे होते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या डिस्क आज सुरूच होत नाहीत. एखाद्या नटाने त्या रात्री उभी केलेली भूमिका किंवा एखाद्या हौशी मंडळाचा शेवटचा प्रयोग दुसऱ्यांदा चित्रित करता येत नाही, आणि म्हणून साठवणीच्या साधनांचे हे परीक्षण मी शक्य तेवढ्या काळजीने लिहीत आहे.

परीक्षणासाठी तीन वस्तू घेतल्या आहेत. पहिली डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) एलिमेंट्स ही २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, दुसरी सीगेट आयर्नवूल्फ ही ४ टीबीची ३.५ इंची डिस्क, जी मी यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे उघडी डिस्क यूएसबीने संगणकाला जोडणाऱ्या खोबणीत, बसवून वापरतो, आणि तिसरी सॅमसंग टी७ ही १ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिन्ही स्वतःच्या पैशाने विकत घेतल्या आहेत आणि तिन्ही विदर्भातल्या उन्हाळ्या-पावसाळ्यातून गेल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. आपल्या भागात वर्षानुवर्षे चित्रण जपून ठेवण्यासाठी साधी फिरती हार्ड डिस्कच आजही योग्य आहे, परंतु ती एकटी कधीही घेऊ नये. डिस्क घेण्याचा खर्च काढताना तो दोन डिस्कचाच काढावा, आणि तेवढे पैसे नसतील तर मोठ्या एका डिस्कऐवजी लहान दोन घ्याव्यात. पुढचे सगळे विवेचन या मतापर्यंत मी कसा आलो, हे सांगण्यासाठी आहे.

प्रथम लागणारी जागा. फुल एचडीचे चित्रण ५० मेगाबिट प्रतिसेकंद (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) या दराने केले, तर एका तासाला सुमारे २२.५ जीबी लागतात. सहा तासांच्या नाटकाचे १३५ जीबी होतात आणि दोन कॅमेरे लावले असतील तर २७० जीबी. या हिशेबाने २ टीबीच्या डिस्कमध्ये सात नाटके मावतात आणि ४ टीबीच्या डिस्कमध्ये चौदा. हल्ली काही मंडळी फोर-के चित्रणाचा आग्रह धरतात; १०० मेगाबिटच्या दराने ते केले तर जागा थेट दुप्पट लागते. डिस्क संगणकाला जोडल्यावर २ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसते, तेव्हा दुकानदाराने फसवले असे पुष्कळांना वाटते. तसे काही नसते. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात.

आता एलिमेंट्सकडे वळतो. ही डिस्क २.५ इंची आहे, यूएसबीच्या ५ व्होल्टवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही, आणि त्यामुळे लॅपटॉपसह गावी नेण्यास सोपी पडते. नवी असताना मोठ्या फाइल लिहिण्याचा वेग मला १०० ते १२० एमबी प्रतिसेकंद मिळाला आणि एका नाटकाचे दोन्ही कॅमेऱ्यांचे चित्रण लॅपटॉपमधून तिच्यावर जाण्यास पाऊण तासाच्या आसपास लागले. हीच डिस्क जुन्या संगणकाच्या यूएसबी २.० च्या खाचेत लावली तर वेग ३५ एमबीच्या आसपास अडकतो आणि त्याच कामाला दोन तासांहून जास्त लागतात, म्हणून खाच निळी आहे का, हे आधी पाहावे, यूएसबी ३.० ची खाच बहुधा निळ्या रंगाची असते. केबलचे डिस्ककडील टोक रुंद आणि चपटे असते. सतत काढघाल केल्यास तेच सर्वांत आधी सैल होते, त्यामुळे एक जादा केबल घेऊन ठेवावी. त्याच कंपनीच्या माय पासपोर्टमध्ये पासवर्ड आणि हार्डवेअर एन्क्रिप्शनची, म्हणजे डिस्कमध्येच माहिती कुलूपबंद करण्याची, सोय आहे. ज्या स्टुडिओत एकाच डिस्कला तीन-चार जणांचे हात लागतात, तिथे मी पासवर्ड नसलेली एलिमेंट्सच सुचवीन, कारण विसरलेला पासवर्ड कंपनीही काढून देऊ शकत नाही.

या प्रकारच्या डिस्कचा खरा गुणदोष बॉक्सवर लिहिलेला नसतो. १ टीबी आणि त्यावरच्या बहुतांश २.५ इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. या पद्धतीत चकतीवरील लेखनाच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच चकतीवर जास्त माहिती मावते, पण मधला मजकूर बदलायचा झाला तर पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क रिकामी असताना आणि आपण एकामागून एक मोठ्या फाइल टाकत असताना याचा त्रास जाणवत नाही. डिस्क बरीच भरली, अधलेमधले फोल्डर काढून टाकले आणि त्या जागी नवे चित्रण टाकू लागलो, की काही वेळ वेग चांगला राहतो आणि मग तो एकदम कोसळतो, कधी वीस-तीस एमबीपर्यंतही. डिस्क बिघडली असे समजून लोक ती दुकानात नेतात. प्रत्यक्षात ती आतल्या आत आधीचे लेखन लावून घेत असते. सीएमआर पद्धतीच्या डिस्कमध्ये पट्ट्या वेगवेगळ्या असतात आणि हा प्रकार होत नाही.

हा भेद ग्राहकाला सांगितला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. चोवीस तास चालणाऱ्या साठवणयंत्रांसाठी म्हणून त्या विकल्या जात होत्या आणि ही गोष्ट ग्राहकांना सांगितलेली नव्हती. मोठा गदारोळ झाल्यावर कंपनीने कोणते मॉडेल कोणत्या पद्धतीचे आहे याची यादी प्रसिद्ध केली आणि सीएमआर डिस्कना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. सीगेटच्या बाजूने पाहिले तर संगणकात सर्रास बसवली जाणारी ३.५ इंची बाराकुडा २ टीबी, ४ टीबी आणि ८ टीबीत एसएमआर मिळते, तर आयर्नवूल्फ मालिका पूर्ण सीएमआर आहे. आपल्याकडचे दुकानदार या दोहोंतला फरक क्वचितच सांगतात. त्यांना दोष देण्यापेक्षा आपणच पूर्ण मॉडेल क्रमांक मागून घ्यावा आणि कंपनीच्या यादीत तो पाहावा. एकदा भरून कपाटात ठेवायची डिस्क एसएमआर असली तरी चालते. ज्या डिस्कवर संपादन चालते, फाइल रोज येतात आणि जातात, ती सीएमआरच असली पाहिजे.

याच कारणासाठी मी आयर्नवूल्फ घेतली. ४ टीबीच्या या डिस्कचा वेग मिनिटाला ५,४०० फेऱ्यांचा आहे, कॅशे, म्हणजे माहिती तात्पुरती धरण्याची जागा, २५६ एमबी आहे, वर्षाला १८० टीबी इतक्या देवाणघेवाणीसाठी ती बनवलेली आहे आणि वॉरंटी तीन वर्षांची आहे. ७,२०० फेऱ्यांची डिस्क घेण्याचा मोह होतो, पण आपल्या हवेत कमी फेऱ्यांची, कमी तापणारी डिस्क बरी. डिस्क बरीच भरली तरी तिचा लिहिण्याचा वेग ढासळत नाही, एवढ्यासाठी ती मला पसंत आहे. आतल्या कडेकडे जाताना वेग हळूहळू उतरतो, तो कोणत्याही फिरत्या डिस्कचा स्वभाव आहे. ती संगणकाच्या आत बसवता येते आणि डॉकमध्येही लावता येते. आमच्या जवळच्या बाजारात ही मालिका नेहमी मिळत नाही, नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन घ्यावी लागते. मिळाली नाही म्हणून दुकानदार बहुधा सीसीटीव्हीसाठीची डिस्क पुढे करतो, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. या डिस्क चोवीस तास सलग लेखनासाठी जुळवलेल्या असतात. साठवणीसाठी त्या अगदीच वाईट नाहीत, परंतु रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि पुन्हा ठीकठाक केलेला, माल या प्रकारात फार फिरतो, म्हणून मी त्यांच्यापासून दूर राहतो.

डॉकबद्दल एक सूचना आवश्यक आहे. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि फिरू लागतानाच्या क्षणी ती सुमारे २ अँपिअर खेचते. मी आधी घेतलेल्या एका स्वस्त डॉकचा अडॅप्टर तेवढा भार पेलत नव्हता. डिस्क फिरू लागायची, थांबायची आणि पुन्हा फिरू लागायची. डिस्क निर्दोष होती. डॉक घेताना अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि निदान २ अँपिअर, शक्यतो ३ अँपिअर, असे छापलेले पाहूनच घ्यावे. डॉकमधील उभी डिस्क धक्क्याने आडवी होऊ शकते, म्हणून तो टेबलाच्या कडेला ठेवू नये. चालू डिस्कमध्ये वाचणारे टोक आणि चकती यांच्यातील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते, आणि फिरत असताना बसलेला छोटा धक्काही तिथे ओरखडा पाडू शकतो. बंद केल्यावर टोक चकतीवरून बाजूला जाऊन विसावते, त्यामुळे बंद डिस्क नीट गुंडाळून मोटारसायकलवरून खराब रस्त्याने नेली तरी बहुधा काही होत नाही. डिस्क काढण्याची सूचना संगणकाला दिल्यावर चकती थांबेपर्यंत काही सेकंद थांबावे आणि मगच ती उचलावी.

सॅमसंग टी७ ही वेगळ्या जातीची वस्तू आहे. आत काहीही फिरत नाही, वजन ५८ ग्रॅम, कंपनीने सांगितलेला वाचण्याचा वेग १,०५० एमबी प्रतिसेकंद. संपादनासाठी ती उत्कृष्ट आहे आणि या कामासाठी मी तिची मनापासून शिफारस करतो. दोन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी टाइमलाइनवर ओढताना जो अडथळा हार्ड डिस्कवर येतो, तो हिच्यावर येत नाही. मात्र कॅमेऱ्याच्या कार्डमधून चित्रण उतरवून घेताना या वेगाचा उपयोग होत नाही, कारण आपण सर्वसाधारणपणे वापरतो ती यूएचएस-१ प्रकारची कार्डे साध्या कार्ड रीडरमध्ये १०४ एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जाऊ शकत नाहीत. तेव्हा कार्ड रिकामे करण्यास एसएसडीवर जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच एलिमेंट्सवर लागतो, आणि एका टीबीमागे एसएसडीला हार्ड डिस्कच्या दुपटीहून अधिक पैसे पडतात.

दीर्घकाळ साठवणीसाठी मी एसएसडी नाकारतो, याचे आणखी एक कारण आपल्या हवामानाशी जोडलेले आहे. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात धरलेली असते आणि वीज न मिळता ती पडून राहिली तर हा भार हळूहळू गळतो. जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार सामान्य ग्राहकासाठीच्या एसएसडीने, तिची लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यावरही, ३० अंश तापमानात वीज न देता एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी यापेक्षा कितीतरी जास्त टिकवील. पण तापमान वाढले की ही मुदत घटते, आणि आमच्या घरातल्या बंद कपाटात एप्रिल-मेमध्ये ३० अंश कधीच नसतात. संपादन झाले की चित्रण हार्ड डिस्कवर हलवावे आणि एसएसडी पुढच्या कामासाठी मोकळी करावी.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो, कारण पुण्या-मुंबईत लिहिलेल्या परीक्षणांत तो सापडत नाही. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, नागपूर येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, दुपारी कूलर लावलेल्या खोलीतही हवा तेहेतीस-चौतीस अंशांची असते. एलिमेंट्ससारख्या पोर्टेबल डिस्कसाठी कंपनीने चालू असतानाची मर्यादा ५ ते ३५ अंश इतकी दिलेली आहे, आणि ही मर्यादा भोवतालच्या हवेची आहे. म्हणजे टिनपत्र्याच्या दुकानात, कूलरविना, भर दुपारी डिस्क चालवणे हे कंपनीच्या अटींबाहेरचे काम आहे. आयर्नवूल्फसारख्या डिस्कसाठी ६० अंशांच्या पुढची मर्यादा दिलेली असते, पण ती डिस्कच्या स्वतःच्या कवचाच्या तापमानाची असते. डिस्कची स्थिती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर हार्ड डिस्क ५० अंशांवर गेली की पिवळा इशारा देते, आणि मेमध्ये प्लॅस्टिकच्या कवचातील डिस्कवर मोठी कॉपी लावली की मला तो हमखास दिसतो. त्यामुळे उन्हाळ्यात मोठ्या कॉपी मी पहाटे लावतो. कूलरची हवा थेट डिस्कवर सोडू नये, कारण ती हवा ओली असते. खोली गार करण्यास कूलर ठेवावा आणि डिस्कजवळ साधा टेबल फॅन लावावा. धान चुरण्याच्या दिवसांत उडणारी बारीक धूळ कनेक्टरमध्ये बसते, म्हणून डिस्क झाकणाच्या डब्यात ठेवावी. हेलियम न भरलेल्या डिस्कच्या कवचावर हवेसाठी एक बारीक छिद्र असते, त्याच्या आत गाळणी असते. त्यावर आपले नाव-तारखेचे लेबल चिकटवू नये.

विजेबद्दल थोडक्यात. लाइन अचानक जाणे ही आपल्याकडे रोजची बाब आहे आणि लिहिणे चालू असताना ती गेली तर चकतीपेक्षा फाइलींच्या नोंदवहीचे नुकसान होण्याची शक्यता जास्त. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कमध्ये या नोंदी बदलण्यापूर्वी त्यांची टिपणी ठेवली जाते, त्यामुळे ती बहुधा सावरते. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही. मॅकला जोडण्याची गरज नसेल तर एनटीएफएसच ठेवावे. फॅट३२ तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, त्यामुळे चित्रणाच्या उपयोगाचे नाही. संगणकाला लहान यूपीएस हवाच, आणि घरच्या इन्व्हर्टरवर भागवायचे असेल तर त्यावरील बटण यूपीएस मोडवर आहे याची खात्री करावी, कारण दुसऱ्या मोडमध्ये लाइन गेल्यावर पुरवठा बदलण्यास लागणारा क्षण संगणक बंद पाडण्यास पुरेसा असतो.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, यावर जरा थांबणे आवश्यक आहे. बाजारात आज फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. चौथे कोणतेही नाव दिसले तर आत याच तिघांपैकी कोणाची तरी डिस्क असते, किंवा डिस्कच नसते. १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत, अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. त्या कवचात बहुधा एखादे लहान मेमरी कार्ड असते आणि खोटी क्षमता दाखवण्यासाठी त्याच्यात फेरफार केलेला असतो. ठरावीक जागेपुढे टाकलेले चित्रण त्यात नष्ट होते आणि फोल्डरमध्ये नावे मात्र दिसत राहतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचे छोटे विनामूल्य साधन पूर्ण डिस्क भरून परत वाचून पाहते, त्यावर असा माल तत्काळ उघडा पडतो. नवी डिस्क खरी असली तरी मी हीच चाचणी लावतो. ४ टीबीला एक दिवस जातो, पण सुरुवातीलाच दगा देणारी डिस्क त्यात सापडण्याची शक्यता वाढते.

दुसरा धोका वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली जाण्याचा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या मोठ्या क्षमतेच्या वापरलेल्या डिस्क त्या किती तास चालल्या याची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. डिस्कच्या आत फार्म नावाची दुसरी नोंद असते, ती तपासल्यावर खरे तास दिसले. आपल्या भागात एवढी कारागिरी करण्याची गरजही भासत नाही, कारण तपासतोच कोण! नागपुरातील एका दुकानात मला सीलबंद म्हणून दिलेली डिस्क जोडून पाहिली तेव्हा पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, या रकान्यात हजारोंचा आकडा होता. दुकानदार म्हणाला, “भाऊ, कंपनीतूनच टेस्टिंग होऊन येते.” कंपनीतील चाचणीने हजारो तास भरत नाहीत. डिस्क बदलून मिळाली, ती केवळ तिथल्या तिथे तपासल्यामुळे. लॅपटॉप सोबत न्यावा, त्यात क्रिस्टलडिस्कइन्फो असावे आणि पैसे देण्यापूर्वी तो आकडा पाहावा.

त्याच पडद्यावरील आणखी तीन ओळी दर दोन-तीन महिन्यांनी पाहण्यासारख्या आहेत. रिअलोकेटेड सेक्टर्स म्हणजे खराब झाल्याने बदलून दिलेल्या जागा, करंट पेंडिंग सेक्टर म्हणजे वाचताना अडलेल्या जागा, आणि अनकरेक्टेबल म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. हे आकडे शून्य असावेत. एखादा वाढू लागला तर त्या डिस्कवरचे चित्रण त्याच दिवशी दुसरीकडे घ्यावे. यूडीएमए सीआरसी एरर, म्हणजे माहिती केबलमधून जाताना होणाऱ्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदलावी, दोष बहुधा तिच्यात असतो. परंतु या पडद्यावर पूर्ण भरवसाही ठेवू नये. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, डिस्कनी चार प्रमुख निर्देशकांपैकी एकाही ठिकाणी आधी इशारा दिलेला नव्हता. त्याच अभ्यासात मध्यम तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला होता, पण तीन वर्षांहून जुन्या डिस्क जास्त तापमानात अधिक संख्येने गेल्या होत्या. आपल्याकडे कपाटात नेमक्या अशाच जुन्या डिस्क असतात.

वॉरंटीचा अर्थही स्पष्ट समजून घ्यावा. तीन वर्षांच्या वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतले चित्रण परत मिळवून देण्याची हमी त्या वॉरंटीत नसते. आयर्नवूल्फसोबत सीगेट रेस्क्यू नावाची माहिती परत मिळवण्याची सेवा ठरावीक मुदतीसाठी देते, ही जमेची बाजू आहे. टिक-टिक असा आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये आणि ती कोणाला स्क्रू काढून उघडूही देऊ नये. पोर्टेबल डिस्कच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच मूळ बोर्डावरच डाख दिलेली असते, त्यामुळे खाच तुटली तर कवच काढून आतली डिस्क संगणकाला सरळ जोडता येत नाही. ३.५ इंची डिस्कचा डॉक खराब झाला तर दुसरा डॉक आणून काम भागते, आणि केवळ या एका गुणासाठीही मी स्टुडिओची मुख्य प्रत ३.५ इंची डिस्कवर ठेवण्याच्या बाजूने आहे.

आता या डिस्क मी कशा वापरतो ते सांगतो. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम जगभर मानला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आमच्याकडे पहिली प्रत आयर्नवूल्फवर असते, दुसरी एलिमेंट्सवर, आणि ही एलिमेंट्स नदीपलीकडे नातेवाइकांच्या घरी, पक्क्या भिंतीच्या आतल्या खोलीत राहते. वैनगंगेच्या पुराने २०२० च्या ऑगस्टअखेरीस किती गावे वेढली होती, हे या पट्ट्यातील लोकांना सांगण्याची गरज नाही. एकाच घरात ठेवलेल्या दोन डिस्क पाण्यात एकदमच जातात. तिसरी प्रत, संपादन झालेल्या नाटकाची, आम्ही मंडळालाच पेन ड्राइव्हवर देतो. कलावंतांकडे आपल्या कामाची प्रत असणे हा त्यांचा हक्क आहे, असे मी मानतो. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आहेत, जेणेकरून एकाच खेपेच्या उत्पादनातला दोष दोन्हींत येऊ नये.

कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक वापरतो आणि लिहिलेले परत वाचून पडताळण्याचा पर्याय चालू ठेवतो. वेळ दुप्पट लागतो, तो द्यावा. कार्ड तोपर्यंत फॉरमॅट करायचे नाही, हा स्टुडिओतील सर्वांसाठीचा नियम आहे. बॅकअपची डिस्क काम संपताच काढून ठेवतो, कारण आपल्या भागात पेन ड्राइव्हवरून फिरणारा शॉर्टकट व्हायरस आजही जिवंत आहे आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क गाठतात. अल्बमच्या लॅबला फोटो पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा. मुख्य डिस्क लॅबमध्ये कधीही पाठवू नये. दोन डिस्क एकत्र बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर उमटवणारी नॅस यंत्रे चांगली असतात, पण त्यांत चुकून काढलेले फोल्डर दोन्हींवरून एकदमच जाते, त्यामुळे त्यांना बॅकअप म्हणता येत नाही.

क्लाउडबद्दल विचारले जाते म्हणून लिहितो. गुगल १५ जीबी विनामूल्य देते, त्यात लग्नातील निवडक फोटो आणि हिशेबाची कागदपत्रे ठेवावीत. नाटकासाठी तो मार्ग आज तरी नाही : १० मेगाबिटचा अपलोड वेग अखंड मिळाला, तरी एका नाटकाचे २७० जीबी चढण्यास साठ तास लागतात, आणि आमच्याकडे तेवढा वेळ लाइनही सलग राहत नाही.

नव्याने स्टुडिओ सुरू करणाऱ्याने पहिल्या हंगामासाठी २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, घ्याव्यात. नाटके सातपेक्षा जास्त होणार असतील तर त्या दोन्हींऐवजी ४ टीबीची आयर्नवूल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस, चांगला डॉक आणि तेवढ्याच क्षमतेची एक पोर्टेबल असा मेळ बसवावा. एसएसडी त्यानंतर, संपादनाचे काम वाढले की. डिस्क पाच वर्षांची झाली की ती चालू असतानाच नवीवर उतरवावी. बिलावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतातली आहे की बाहेरची, हे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तपासावे.